बाटली सुटल्यानंतरचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण एखाद्या उपयोगाच्या विषयावर चार शब्द ऐकतो. कधी मुलांचे संगोपन, कधी काटकसर, कधी स्त्रियांचे आरोग्य. या वर्षी अध्यक्षाबाईंनी मला जो विषय दिला, तो आपण सहसा चारचौघींत काढत नाही. तो पुष्कळ घरांत असतो, पण दार लावून घेतलेला असतो. दारू सुटलेल्या माणसाची दारू सुटलेलीच राहावी, यासाठी आजूबाजूच्या माणसांनी काय करावे, हा तो विषय होय.

तो आजच निघण्याचे कारण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दोन महिन्यांपूर्वी मंडळाकडे एक पत्र आले. दारू सोडलेल्या माणसांचा एक गट दर शनिवारी संध्याकाळी दीड तास आपले सभागृह भाड्याने मागतो आहे. कार्यकारिणीत दोन मते पडली, म्हणून हा प्रश्न पुढील महिन्यात सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. जागा द्यावी, या मताची मी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्याचा कल कोणापासून लपून राहणार नाही. परंतु मत कोणी कोणते द्यावे हे सांगण्याआधी, या बैठकी कशा असतात आणि त्यांची गरज का पडते, एवढे आपण समजून घेऊ.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. माणसाने मनावर घेतले की दारू सुटते. सुटत नाही, त्याअर्थी त्याने मनावर घेतलेले नाही. म्हणून आपण शपथा घालतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो, कुलदैवताला नेतो. तो माणूस शपथ घेतो आणि त्या वेळी ती मनापासूनच घेतो. आठ दिवसांनी तोच पिऊन येतो, आणि मग दारूबरोबर शपथ मोडल्याची लाजही त्याच्या अंगावर चढते. ती लाज बुडवायला तो आणखी पितो.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले जेवढे मला उमगले तेवढेच सांगते. दारूचे व्यसन हा आजार आहे. पिणाऱ्या प्रत्येकाला तो होत नाही, पण ज्याला होतो त्याच्या शरीराला दारूची सवय जडते आणि थोडी घेऊन थांबणे त्याच्या हाती राहत नाही. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर हातपाय कापतात, घाम सुटतो, झोप उडते, कोणाला भास होतात, कोणाला फिट येते. वेळीच औषध मिळाले नाही तर जिवावरही बेतते. म्हणून माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवू नये. ते पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिचा संबंध थेट आपल्या स्वयंपाकघराशी आहे. ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. एखादी गांजलेली बाई ती पूड किंवा गोळी चहात, आमटीत कालवते. दारू सोडवण्याच्या औषधांपैकी एक असे आहे की ते पोटात असताना दारू घेतली तर माणसाची छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, प्रसंगी प्राण जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर रोग्याला सर्व समजावून, त्याच्या संमतीने देतात. आणि जाहिरातीतल्या पुडीत काय आहे, हे तर ती विकणाराच जाणे. कोणी शेजारीण असे करीत असेल तर तिला प्रेमाने थांबवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. महिना-सव्वा महिना केंद्रात राहून माणूस बरा होऊन घरी येतो. आपल्याला वाटते, सुटलो एकदाचे! खरे तर कठीण भाग तेथून पुढे असतो. केंद्रात दिवस आखलेला असतो. घरी आल्यावर संध्याकाळचे सात वाजतात आणि काय करावे ते त्याला सुचत नाही, कारण कित्येक वर्षे सात वाजता तो एकच गोष्ट करीत आलेला असतो. पानाच्या गादीपाशी जुने सोबती उभे असतात. पगाराचा दिवस येतो. भावकीत हळद असते, वरात असते, ‘एवढ्याने काय होते’ म्हणणारा एक तरी पाहुणा असतो. घरात बायको त्याचा श्वास हुंगते, आई खिसे तपासते, मुले अंग चोरून बसतात. त्यांचेही चुकते असे नाही. इतकी वर्षे पोळलेली माणसे एका महिन्यात विश्वास कोठून आणणार? पण त्या माणसाला वाटते की पीत होतो तेव्हाही शिव्या होत्या, सोडली तरी संशय आहे, मग सोडून काय मिळवले?

येथे त्याला बायकोचा उपदेश पुरत नाही. त्याला हवा असतो त्याच वाटेने गेलेला आणि परत आलेला माणूस.

ही गोष्ट ज्यांना प्रथम उमगली ते दोघेही स्वतः पिणारेच होते. अमेरिकेतील न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअरबाजारातले गृहस्थ दारूपायी धुळीला मिळाले होते. १९३४ च्या डिसेंबरात त्यांनी दारू सोडली. पुढे १९३५ च्या मे महिन्यात ते कामानिमित्त ॲक्रन या गावी गेले असता व्यवहार फिसकटला, आणि परक्या गावी एकट्याने उतरलेले असताना त्यांना पुन्हा पिण्याची ओढ लागली. तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी दूरध्वनी करून एखादा पिणारा माणूसच शोधून काढला. ते होते बॉब स्मिथ नावाचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. पंधरा मिनिटे बसतो म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत राहिले. बिल यांनी त्यांना उपदेश केला नाही, आपली स्वतःची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी मध्ये एकदा पुन्हा घेतली, पण १० जून १९३५ नंतर कधी नाही. तो दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. आपल्या देशात ही चळवळ १९५७ साली आली, आणि आज महाराष्ट्रात गावोगावी तिच्या बैठकी भरतात. लोक तिला नुसते ‘ए. ए.’ म्हणतात.

या बैठकीला फी नाही, हजेरीपट नाही, जातधर्म विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासद होण्याची अट. काही बैठकी घरच्यांना व इतरांनाही खुल्या असतात. अशा एका बैठकीला मी स्वतः बसून आले आहे. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता. एकेक जण उठून पहिले नाव तेवढे सांगे, आपण दारुडे आहोत हे सांगे आणि मग आपली हकीकत सांगे. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी ‘असे करायला हवे होते’ म्हणत नाही. एक जण गवंडी होता, एक बँकेतला साहेब. साहेब बोलत असताना गवंडी मान डोलावीत होता, कारण दोघांचीही कहाणी एकच होती. शेवटी एक डबा फिरला. ज्याला जमेल त्याने त्यात दहा-वीस रुपये टाकले. भाडे आणि चहा त्यातूनच भागतो. ‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ तेथे कोणी घेत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, असे म्हणतात. उद्याचे उद्या. जन्माचे ओझे कोणालाही पेलत नाही, एका दिवसाचे पेलते.

येथे माझ्या घरची हकीकत सांगणे भाग आहे. ज्यांची ती आहे त्या माझ्या धाकट्या दिरांना विचारून सांगते आहे. नाव तेवढे छापू नका, असे त्यांनी सांगितले आहे. भाऊजी वायरमनचे काम करतात. अकरा वर्षे त्यांनी दारू घेतली. केंद्रातून आले, चार महिने चांगले गेले. पाचव्या महिन्यात एका हळदीत ते पुन्हा प्यायले आणि तीन दिवस घरी फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी येऊन खोलीत तोंड फिरवून पडून राहिले. सासूबाई बोलेनात, जाऊबाईंनी माहेरची पिशवी भरली. त्या रात्री नऊच्या सुमारास दोन अनोळखी माणसे सायकलवरून आली. ‘बैठकीला चार दिवस दिसले नाहीत, म्हणून आलो,’ एवढेच म्हणाली. ओसरीवर भाऊजींच्या शेजारी बसली. त्यांतला एक म्हणाला, “मी तीनदा घसरलो. तिसऱ्यांदा परत जायची सर्वांत जास्त लाज वाटली, पण तिसऱ्यांदाच टिकलो.” बारा वाजेपर्यंत ते बसले होते. मी पिठले-भाकरी केली, ती तिघांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतलाच एक जण येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला, संध्याकाळी बैठकीला घेऊन गेला. या गोष्टीला सहा वर्षे झाली. भाऊजी म्हणतात, “वहिनी, सहा वर्षे म्हणू नका. आजचा दिवस म्हणा.”

भगिनींनो, त्या दोघांचे आमच्याशी काय नाते होते? आमच्या सोयऱ्यांपैकी त्या चार दिवसांत कोणी उंबरा चढले नाही.

असे काही आपल्या मातीत नव्हतेच, असे मात्र नाही. वारकरी पंथात गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटते. ती नुसत्या माळेने सुटत नाही; रोजचे भजन, एकादशी, दिंडी आणि टाळकऱ्यांची संगत यांनी सुटते. संध्याकाळी सात वाजता जायला एक जागा मिळते. गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावे झाडीत आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांकडूनच दारूचे नुकसान वदवून घेत. फरक मला एकच दिसतो. माळकरी घसरला तर लाजेने माळ काढून ठेवतो आणि भजनाला यायचाच बंद होतो. बैठकीतला माणूस घसरला तर त्याला सांगतात, आता तर आधी ये.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. श्री. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या मदतीने ते उभे राहिले. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते होतात, आणि रोग्यांच्या पत्नींचेही गट चालतात. चेन्नईला शांती रंगनाथन यांनी पतीला व्यसनापायी गमावल्यावर १९८० साली व्यसनमुक्तीचे रुग्णालय काढले, आणि पुढे खेड्यात शिबिरे भरवून गावकऱ्यांनाच त्या कामात ओढले. गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी चळवळ करून १९९३ साली दारूबंदी मिळवली. परंतु बंदीने भागले नाही. २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ या नावाने गावांच्या संघटना आणि रोग्यांचे उपचार असे दोन्ही काम जोडीने चालू झाले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. तात्पर्य काय, दुकान उघडे असो वा बंद, सोडणाऱ्या माणसाला सोबत लागतेच.

आता आपल्या स्त्रियांविषयी. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांची एक गोष्ट मला फार आवडली. नवऱ्याने दारू सोडली, तो रोज बैठकीला जाऊ लागला. एके दिवशी तो ‘चल, निघू या’ म्हणाला, तेव्हा या बाईंनी ‘तुमच्या त्या बैठकी’ म्हणत हातातला बूट भिरकावला! मग त्याच विचारात पडल्या की दारू तर सुटली, मग आपला राग कशाचा? इतकी वर्षे आपण याला सांभाळण्यातच संपलो, आपले असे काही उरलेच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्यासारख्याच बायका नवऱ्यांच्या बैठकी चालू असताना बाजूला बसत आणि आपसांत बोलत. त्यातूनच १९५१ साली ‘अल-अनॉन’ ही घरच्यांची संघटना उभी राहिली.

तेथे स्त्री जे शिकते ते थोडक्यात सांगते. नवऱ्याची दारू तुझ्यामुळे लागली नाही, आणि तुझ्या रडण्याने ती सुटणारही नाही. तो पिऊन पडला असता ‘ताप आला आहे’ असे कामावर खोटे कळवू नकोस. त्याची गुत्त्यावरची उधारी तू फेडू नकोस. पिऊन आलेल्याशी त्या वेळी वाद घालू नकोस, सकाळी बोल. सुटल्यावर जुन्या गोष्टींचा पाढा रोज वाचू नकोस. स्वतःचे जेवण, झोप आणि मुलांची शाळा सांभाळ. मात्र एक गोष्ट मी माझ्या पदरची सांगते: आजार आहे म्हणून मार खाणे हे कोणत्याही स्त्रीचे कर्तव्य नव्हे. तो हात उगारीत असेल तर मुलांना घेऊन बाहेर पडावे. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे, आणि अशा बहिणीला आधार देणे हेही मंडळाचे काम आहे.

येथे कोणी हसू नये, पण आपल्यापैकी किती जणी सकाळी मिश्री लावतात? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ज्या लावतात त्यांनी एक दिवस न लावता काढून पाहावा. डोके दुखते, जीव कासावीस होतो, पोट साफ होत नाही. मग घरातल्या पिणाऱ्याला ‘मनावर घे’ म्हणताना आवाज जरा खाली येईल.

आता जागेविषयी ज्या शंका आल्या त्यांचा विचार करू.

पहिली शंका, आपल्या सभागृहात दारुडे येतील. दारुडे आज कोठे नाहीत? ते रस्त्यावर आहेत, लग्नात आहेत, घरात आहेत. येथे येतील ते सोडलेले किंवा सोडू पाहणारे. एखादा पिऊन आलाच तर त्याला कसे आवरावे, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

दुसरी शंका, मुलींचा शिवणवर्ग. तो पाच वाजता सुटतो आणि बैठक सातला आहे. किल्ली आपल्याच शिपाईबाईंकडे राहील.

तिसरी सूचना अशी आली की चांगले काम आहे तर भाडे माफ करावे. ते करू नये. आपला खर्च आपणच भागवायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही, असा त्यांचा नियम आहे. इतरांना जो दर आहे तोच त्यांना लावावा. कित्येक वर्षे उधारीवर जगलेल्या माणसाला आपले भाडे आपण देण्याचे समाधान मिळू द्यावे.

चौथी शंका, मंडळाला नावे ठेवतील. बायकांनी घराबाहेर पडून मंडळ काढले तेव्हाही नावे ठेवलीच होती. उलट एक फायदा पाहा. जागा आमची असेल तर घरच्या स्त्रियांना बाजूच्या लहान खोलीत त्याच वेळी बसता येईल. ‘मंडळात जाऊन येते’ म्हणून निघालेल्या बाईला कोणी कारण विचारीत नाही. दवाखान्याची पायरी चढायला जी संकोचते, ती ही पायरी चढेल.

पण एक अट आपल्याला स्वतःला घालून घ्यावी लागेल आणि तीच सर्वांत अवघड आहे. शनिवारी सातच्या सुमारास कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा जिना चढताना दिसला, ही गोष्ट भिशीत निघता कामा नये. या संघटनेच्या नावातच निनावीपण आहे. आपल्या एका ‘अगं, कळलं का?’ ने एखादा माणूस पुन्हा गुत्त्यावर जाईल. हे ज्यांना साधणार नसेल त्यांनी खुशाल विरुद्ध मत द्यावे. ते अधिक प्रामाणिक होईल.

जागेखेरीज आणखीही थोडे करता येईल. आपल्या घरच्या कार्यात सोडलेल्या माणसाला कोणी आग्रह करीत असेल तर यजमानीण या नात्याने आपण तो थांबवावा. त्याला काम द्यावे. रिकामी संध्याकाळ ही त्याची वैरीण आहे. त्याच्या मुलांना ‘दारुड्याची’ म्हणू नये. जवळच्या मानसोपचार डॉक्टरांचे नाव आणि बैठकीची वेळ मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावी. विचारायला येणाऱ्या बाईला आधी चहा द्यावा, प्रश्न नंतर विचारावेत.

सर्वच बरे होतात असे मी म्हणणार नाही. काही घसरतात आणि परत येतात, काही परत येत नाहीत. पण एकट्याने झगडणाऱ्यापेक्षा चौघांत बसणारा अधिक काळ टिकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या सभागृहाला वीस खुर्च्या आहेत, एक पंखा आहे, आणि शनिवारी संध्याकाळी तेथे कुलूप असते. ते कुलूप दीड तास काढायचे की नाही, एवढाच प्रश्न सभेपुढे येईल. त्या दिवशी ज्या भगिनी एरवी सभेला येत नाहीत त्यांनीही अवश्य यावे आणि विचार करून हात वर करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.